रेडिएटरच्या पाण्याची आंघोळ

गरम पाण्याचा विषय माझ्यासमोर काढू नका! डोकं सणकतं माझं. आता काढलाच आहात, तर मुकाट्याने ऐका. मध्ये कोणी हसलं तर चहा अर्धा टाकून उठेन.

गोवा घटकराज्य झालं, त्या सुमाराला जो तो काहीतरी नवीन काढत होता. मीही काढलं. डिचोलीच्या खाणीवर कामगार वाहून म्हातारी झालेली एक बस घेतली. आत बिछाने, स्टोव्ह, मागे न्हाणीघर. हरमलला उभी करून पर्यटकांना राहायला द्यायची! अडत होतं फक्त जागेवर. आणि जागा होती माझ्या सासऱ्यांची, समुद्राला लागून, माडांखाली.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा म्हणाले, "पयली बस माका दाखय. जागेचा मगे बगूया."

पर्यटकाला काय लागतं? गरम पाणी! हरमलला एका गोऱ्याच्या बसमध्ये मी पाहिलं होतं. इंजिनाचं तापलेलं पाणी तांब्याच्या नळीतून टाकीत फिरायचं आणि त्या धगीने टाकीतलं आंघोळीचं पाणी तापायचं. मला रागच आला. पाणी तापवायला पाणी? हा द्राविडी प्राणायाम कशाला? मी रेडिएटरची नळी सरळ न्हाणीघराच्या नळाला जोडली.

"त्या गोऱ्याला एवढं कळत नव्हतं?" माझी बायको सुमन म्हणाली.

"नव्हतं!" मी ओरडलो.

साखळीच्या आमच्या घरून हरमलला पोचेपर्यंत इंजिन छान तापलं. मामा पंचा नेसून न्हाणीघरात शिरले. आत काळोख, कारण दिव्याची तार जोडायची राहिली होती. थोड्या वेळाने आतून हाक आली, "जांवय! पाणी बरां कडकडीत आसा! आनी एक बादली सोड!"

सोडली. सुमनकडे असं बघितलं म्हणता, की बस्स!

मामा बाहेर आले. पिवळेधमक!

"अगे बाय माझ्ये!" सासूबाई किंचाळल्या. "ह्यांका कावीळ झाली! म्हणानच काल जेवाक नाय!"

"काल एकादस होती गो!" मामा म्हणाले. पण स्वतःचे हात बघून तेही देवाचा धावा करू लागले.

आणि मला आठवली हळद. रेडिएटरला बारीक गळती होती. खाणीवरचे ट्रकवाले अशा वेळी मूठभर हळद टाकतात, भोक बुजतं. मी अर्धा डबा ओतला होता!

सांगायला नको होतं? पण सांगितलं असतं तर जागा गेली. मी, गाढव, म्हणालो, "कावीळच! डिचोलीला वैद्य आहे ओळखीचा. बसा गाडीत!"

निघालो. सासूबाई रडतायत, सुमन मामांचे तळवे चोळतेय. चोळता चोळता थांबली. स्वतःचा हात नाकाशी नेला.

"अहो, ही तर हळद!"

मी उत्तर देणार, तेवढ्यात चढ आला आणि इंजिनाने आचके दिले. देणारच! त्याचं पाणी मामांनी बादल्या भरभरून अंगावर घेतलं होतं. बॉनेटमधून वाफ, खाली पिवळा फेस, आणि सगळीकडे आमटीचा वास. इंजिन कायमचं जाम!

गावकऱ्यांनी ढकलत ढकलत बस परत माडांखाली आणली. पुढे पिवळे मामा, "दावीकडे घे! उजवीकडे घे!" करत. गावकरी हसून हसून धक्का मारायचं विसरत होते. एवढा संताप आला होता मला, पण करणार कोणावर?

बस बरोबर त्याच जागी थांबली, जी मला हवी होती. मी चाचरत विचारलं, "मामा, मग जागेचं?"

मामांनी बसवर प्रेमाने हात फिरवला.

"बशीचो कायएक दोष नाय. ती हंयच रवांदे. सुमनय रवांदे. तू मात्र चालाक लाग."

बस राहिली, बायको राहिली, आणि स्वतःच्या मालकीची बस असलेला मी, चालता झालो; त्या दिवशी लाइनच्या बसने, दांड्याला लोंबकळत, साखळीपर्यंत उभ्याने गेलो!