वाढत्या अंगाचा शर्ट

मास्तरांनी शिवलेला कपडा घट्ट झाला, अशी तक्रार घेऊन त्यांच्या दुकानाची पायरी आजवर कुणी चढलं नव्हतं. कारण मास्तर कपडा घट्ट होऊच देत नसत. पोरगं माप द्यायला आलं की ते आधी त्याच्या आईबापांची उंची नजरेनं जोखत, मग पोराची पावलं बघत, आणि टेपवर जे माप येईल त्यात स्वतःच्या मनाची चार बोटं मिसळून मोकळे होत. वर शिवणीत आतून भरपूर माया सोडत, म्हणजे पुढेमागे उसवून कपडा आणखी मोठा करता यावा. "वाढतं अंग आहे," एवढंच ते म्हणत. आईबाप खूश होऊन जात. पोरांना काय वाटतं हे विचारायची पद्धत टेलरिंगच्या धंद्यात नाही.

त्यामुळे हायस्कूलच्या मुलींच्या रग्बी संघाचे जुने शर्ट धुऊन धुऊन आटले, विटले आणि यंदा नवे शिवायचे ठरले, तेव्हा काम मास्तरांकडेच आलं. त्यांची धाकटी त्या संघात होती. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. घरीदारी ती भिंगरी. ती चालायला अशी कधी शिकलीच नाही, रांगायची थांबली ती पळायलाच लागली. संघात तिला अगदी कडेला उभं करत. चेंडू हातात आला की तो घेऊन सुसाट सुटायचं आणि शेवटच्या रेषेपलीकडे टेकवायचा, हे तिचं काम.

या पोरींच्या मागे आईबापांचा आणखी एक संघ होता. एकीचे वडील बस चालवत, म्हणून पोरींना मैदानावर न्यायचं-आणायचं त्यांच्याकडे. एकीची आई दवाखान्यात नर्स, म्हणून घोट्यांना पट्ट्या बांधायचं तिच्याकडे. मास्तरांची बायको डबाभर संत्री सोलून न्यायची आणि मैदानाच्या कडेला उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडायची. मास्तर स्वतः मात्र एकाही सामन्याला गेले नव्हते. शनिवारी दुकानात गिऱ्हाइकांची रीघ असायची. शिवाय त्यांचं म्हणणं असं, की आपलं काम कपड्याचं, ते चोख केलं की आपण सुटलो.

पण कपड्यानंच त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही. दर सामन्यानंतर शर्टांचं बोचकं दुरुस्तीला येई, आणि दर वेळी भिंगरीचा शर्ट एकाच जागी उसवलेला असे. डाव्या काखेखाली, पाठीच्या बाजूला. बाकीच्यांचे कुठे खांद्यावर, कुठे गळ्याशी, काहींना तर नुसता चिखल. हिचा मात्र बरोबर तिथेच. मास्तरांनी आधी दोऱ्याला शिव्या दिल्या आणि दोरा बदलला. मग कापडाला शिव्या दिल्या आणि आतून पट्टी लावली. शेवटी टाक्यांवर टाके मारून ती शिवण अशी पक्की केली, की हत्ती लावून ओढली तरी उसवू नये. तरी डोक्यातला किडा वळवळत राहिला. त्या मैदानावर चालतं तरी काय?

त्यांनी चौकशी आरंभली. बायको म्हणाली, पोरी एकमेकींच्या अंगावर पडतात, मला तर बघवत नाही. मग दर शनिवारी बघायला जातेस कशाला, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण इतक्या वर्षांचा संसार कामी आला आणि ते गप्प बसले. बसवाल्यांनी समजावलं, की मास्तर, गर्दीतून गाडी काढायची असते ना, तसंच हे, फक्त ब्रेक नाहीत. नर्सबाईंच्या मते तो खेळ मुख्यतः गुडघ्यांचा होता. यातून मास्तरांना एवढंच कळलं, की चेंडू लांबट असतो आणि हातानं टाकायचा झाला तर तो मागेच टाकावा लागतो. यानं ते आणखीनच चक्रावले. ज्याला पुढे जायचंय तो हातातली वस्तू मागे का टाकेल? पँटची काजं करताना ते यावर इतका वेळ विचार करत बसले, की एका पँटला एक काज जास्त झालं.

खुद्द भिंगरीला विचारावं, तर ती हल्ली फुगून बसल्यासारखी असायची. जेवताना मान खाली, विचारलं तर हं किंवा हूं. त्याचं कारण शुक्रवारी संध्याकाळी कळलं. ती दुकानात आली, कटिंगच्या टेबलाला टेकून उभी राहिली आणि खडूच्या तुकड्याशी चाळा करत म्हणाली, "उद्याचा सामना खेळून मी सोडणार आहे, बाबा."

मास्तरांचा पाय मशिनवरच थांबला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गेल्या वर्षी तिला कुणी हातही लावू शकत नव्हतं. यंदा दर वेळी रेषा अगदी पुढ्यात आली की कुणीतरी मागून तिला धरायचं आणि खाली आणायचं. उद्या मध्यंतरापर्यंत हेच झालं, तर तिच्या जागी दुसरीला उभं करणार, असं खेळाच्या बाईंनी सांगितलं होतं.

"बाईंचं काही चुकत नाही," ती म्हणाली. "माझ्याच पायांतला जोर गेलाय."

ही पोरगी दुकानासमोरून पळत गेली, की त्यांचं अर्धं काम तिथेच हलकं व्हायचं. ती पळायची थांबणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. पण रग्बीतलं ओ की ठो कळत नसताना तिला सांगणार तरी काय? दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं. दोन गिऱ्हाइकं बंद दाराकडे बघत, कुणी आजारी आहे का म्हणून शेजारी विचारत राहिली.

मैदानावर मास्तर बायको आणि बसवाले यांच्या मधे उभे राहिले. चेंडू कुठे जातोय ते त्यांना काही समजेना, म्हणून ते जे समजतं ते बघू लागले, म्हणजे शर्ट. मधल्या पोरी एकमेकींना खांदे लावून रेटत होत्या. त्यांच्यात शर्ट ढगळ काय नि तंग काय, काही फरक पडत नव्हता. मग चेंडू भिंगरीकडे आला आणि ती सुटली.

पायांतला जोर कुठेही गेलेला नव्हता. एक मागे पडली, दुसरी मागे पडली. तिसरीही पडणारच होती. पण भिंगरीच्या मागे तिचा शर्ट वारा भरून दोरीवरच्या कपड्यासारखा फडफडत होता, आणि तिसरीच्या हाताला भिंगरी लागली नाही तरी शर्ट लागला. डाव्या काखेखाली, पाठीच्या बाजूला. मूठ आवळली गेली. मास्तरांनी टाक्यांवर टाके मारून पक्की केलेली शिवण हूं की चूं न करता जागच्या जागी राहिली, आणि पोरगी गर्रकन फिरून आपटली.

सगळ्या आईबापांनी हळहळत उसासा टाकला. मास्तर मात्र तोंडावर हात ठेवून उभे होते. थोड्या वेळानं पुन्हा तेच झालं. तोच शर्ट, तीच जागा, तशीच मूठ. पळत ती होती आणि तिला धरायला कापड मात्र आपण पुरवलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मध्यंतराची शिट्टी झाली. खेळाच्या बाई भिंगरीकडे निघाल्या, त्यांच्यामागे दुसरी एक मुलगी जागच्या जागी उड्या मारत अंग मोकळं करत होती. मास्तर जवळजवळ पळतच आडवे गेले.

"बाई, हिला मध्यंतरापुरती माझ्याकडे द्या," ते म्हणाले. "तिचं काही चुकलेलं नाही. शर्ट चुकलाय, आणि तो मी शिवलाय."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा भिंगरीच्या शर्टाकडे, आणि शिट्टीपर्यंत परत आणा म्हणाल्या.

सामानाच्या खोलीत जाळ्या, निशाणांच्या काठ्या आणि मैदान आखायच्या चुन्याची पोती होती. मास्तरांनी कॉलरमध्ये खोचलेली दोरा ओवलेली सुई काढली. ती तिथे कायमच असे, अगदी लग्नकार्यालासुद्धा. भिंगरीच्या बगलेतलं कापड चिमटीत धरायला गेले, तर चिमूट पुरेना. मूठभर आलं.

"हात वर कर. आणि हलू नकोस."

जन्मात कधी स्थिर न उभी राहिलेली पोरगी खांबासारखी उभी राहिली. मास्तर दुहेरी दोऱ्यानं लांब लांब टाके घालत काखेपासून खालपर्यंत आले, दातानं दोरा तोडून दुसऱ्या बाजूला गेले.

"पुढच्या वर्षी मला हा होणार नाही, बाबा."

"नाही होणार."

"पण तुम्हीच नेहमी म्हणता ना, की..."

"पुढच्या वर्षी दुसरा शिवेन," मास्तर म्हणाले. "तू आज पळ."

दुसऱ्या अर्ध्यात चेंडू बराच वेळ तिच्याकडे फिरकलाच नाही. आला तेव्हा ती पुन्हा सुटली. एक मागे, दुसरी मागे, आणि तिसरीचा हात सवयीनं त्याच जागी गेला. मूठ मिटली. त्या मुठीत काहीच नव्हतं. भिंगरी रेषेपलीकडे चेंडूसकट पालथी पडली. बायकोनं मास्तरांचा दंड असा धरला की वळ उठावेत, पण पडणं ही इथे चांगली गोष्ट की वाईट, हे मास्तरांना माहीत नव्हतं.

"आता काय झालं हो?" त्यांनी बसवाल्यांना विचारलं.

"मास्तर, पोचली की हो पोरगी."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. सामना कोण जिंकलं ते घरी येईपर्यंत त्यांनी कुणाला विचारलं नाही.

सगळ्याच पोरींचे शर्ट अंगाबरोबर करून द्यायचे ठरले, आणि रविवारी सकाळी पहिला नंबर भिंगरीचा लागला. तिला समोर उभं करताना मास्तरांना आठवेना, की हिचं माप आपण शेवटचं कधी घेतलं होतं. घरच्या पोरांचे कपडे ते नुसत्या अंदाजानं कापत, आणि अंदाजात आणखी चार बोटं घालत. त्यांनी तिच्या पाठीवर टेप धरली. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत.

आकडा बघून त्यांनी टेप सरळ केली आणि पुन्हा धरली. तोच आकडा आला. हे माप त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ते तिच्या आईचं होतं.

"किती आलं?" भिंगरीनं मान न वळवता विचारलं.

"बरोबर आलं," मास्तर म्हणाले. मग त्यांनी खडू उचलला आणि कापडावर नेमकी तेवढ्यावरच रेघ मारली.