बंगल्याच्या विहिरीचं कुलूप

माझा धाकटा भाऊ मन्मथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. सुपातली संपवली, मग उठले. रडणारे घरात बरेच होते. आमच्या लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून बसवून पुरतात. तशी त्याला आमच्या माहेरी, कंधारला माती दिली. पाचव्या दिवशी, तो चौकीदार होता त्या बंगल्यावर येणारे सहा-सात ट्रेकिंगवाले पाठीवर बोचकी बांधून दारात आले. हातात तांब्याचा कलश. म्हणाले, "आजी, काकांची थोडी राख द्या. बंगल्यामागच्या टेकडीवर उधळायची आहे." मी म्हटलं, "राख चुलीत हाय, न्या लागंल तेवढी." वर्षानुवर्षं त्याच्या गळ्यातलं लिंग बघत होती ही माणसं, आणि तो मेल्यावर त्याचं काय करतात हे एकालाही ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी फोनवर एका दगडाचा फोटो दाखवला. बंगल्याच्या दारात बसवायचा म्हणे. त्यावर इतिहास कोरला होता... निजामाच्या काळात शिकारीसाठी बंगला बांधला, आणि बहात्तरच्या दुष्काळात चौकीदार मन्मथकाकांनी साहेबांचा हुकूम मोडून विहीर सगळ्यांना खुली केली. दगड बसवायला मी यावं असा आग्रह. म्हटलं, येते. विहीर कुणी उघडली ते मला माहीत होतं, आणि ते खोटं मी जिवंत असताना दगडावर राहू देणार नव्हते.

किनवटकडच्या जंगलातला तो बंगला म्हणजे चार खोल्या, एक व्हरांडा आणि गळकी कौलं. आता शनिवार-रविवारी तिथं जागा मिळत नाही. घरचा पंखा सोडून लोक मुंग्यांत झोपायला येतात आणि मोठे कष्ट केल्यासारखे परत जातात. पेपरात छापून आलं, मन्मथकाकांच्या हातचा कोंबडीचा रस्सा खावाच. मन्मथनं जन्मात अंडं फोडलं नाही. रस्सा करायची गार्डाची बायको कमळाबाई, मागच्या पडवीत. हा भांडं पुढे आणून ठेवायचा आणि वाहवा झाली की मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, केवढा साधा माणूस! वाघाचंही तसंच. त्यानं पाहिलं होतं ते तरस. दर पावसाळ्यात ते वीतभर वाढत गेलं आणि शेवटी त्याच्या अंगावर पट्टे आले.

दुष्काळात आमच्या उदगीरकडे काहीच उरलं नाही, म्हणून मी भावाच्या आधारानं तिकडे खडी फोडायला गेले. बंगल्यापर्यंत रस्त्याचं सरकारी काम निघालं होतं. पाण्याचा टँकर दोन दिवस आला नाही. कडेवर लेकरं घेऊन आम्ही पंचवीस-तीस बायका बंगल्यावर गेलो. विहिरीवर लोखंडी जाळी, तिला कुलूप आणि कुलपापुढे माझा भाऊ.

"आक्का, साहेबाचा हुकूम हाय."

"भैनीला बी पानी न्हाई?"

"तुला देतो की एक घागर. मागल्या दारानं ये."

"आन् ह्या बायांनी काय तुझं त्वांड बघत बसावं?"

खडीची हातोडी माझ्या हातातच होती. तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. मन्मथ पायरीवर बसून रडत होता, नोकरी गेली म्हणून. तेवढ्यात जीप आली. आत त्याचे साहेब आणि त्यांच्यावरचे मोठे साहेब. बायका पाणी शेंदताना पाहून मोठे साहेब खूश झाले. "कोणी उघडली विहीर?" मन्मथनं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले, त्याच्या नोकरीपायी. तो डोळे पुसून उठला आणि म्हणाला, "मी, साहेब." साहेबांनी पाठ थोपटली. ती थाप त्यानं जन्मभर पुसू दिली नाही.

पुढे लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या कचेऱ्यांना शिपाई हवे होते. ओळखीपाळखीनं मी त्याची सोय लावली. आठ दिवसांत कंटाळला. "आक्का, हितं नुसत्या फायली उचलून राहिलो. माजं कुनी ऐकून घेत न्हाई." त्याला परत पोचवायला गेले तर व्हरांड्यात शहरातली कॉलेजची पोरं बसलेली. माझ्यादेखत त्यानं त्यांना विहिरीची गोष्ट सांगितली. हातोडीसुद्धा आता त्याच्या हातात. मी विचारलं, "आन् मी कुठं होते रं तवा?" म्हणाला, "तू बी होतीस की आक्का, पानी भरायला." पोरं हसली. मी आल्या पावली एसटी धरली. पुन्हा तिथं पाय ठेवला नाही.

आता ठेवला, तो दगडासाठी. ट्रेकिंगवाल्यांना जे घडलं ते सगळं सांगितलं. त्यांची तोंडं उतरली. एकजण म्हणाला, "पण आजी, कोरून झालंय." मी म्हटलं, "मग छिन्नी आणा." तेव्हा कमळाबाई पुढे आली. तीही म्हातारी झाली आहे. मला हाताला धरून खाली फाट्यावर घेऊन गेली. पळसाखाली एक रांजण होता, तोंडावर फडकं बांधलेला. मोळ्या घेऊन जाणाऱ्या बायांसाठी मन्मथ दर उन्हाळ्यात, दुष्काळापासून एकही साल न चुकता, सकाळी खांद्यावरून पाणी आणून तो भरायचा. "पोरास्नी सांगू नको म्हनायचा," कमळाबाई म्हणाली, "आन् तुला तर न्हाईच न्हाई."

इतकी वर्षं खोटं बोलला आणि सांगण्यासारखं एवढंच होतं ते गिळून बसला. असल्या माणसाला काय म्हणावं... मूर्खच म्हणते मी.

रांजण मातीत कलला होता. ट्रेकिंगवाल्यांना म्हटलं, तो दगड इथं आणा आणि ह्याच्याखाली घाला. अक्षरं खाली करून. त्यांनी घातला. रांजण सरळ बसला.

परवा कमळाबाईचा फोन आला, रांजण रोज भरलेला असतो म्हणाली. कोण भरतं ते मी विचारलं नाही. विचारलं की माणूस गोष्ट सांगायला लागतो.