कणभर बुंदीचा प्रसाद

आई-अण्णांनी उसाच्या फडात कोयता चालवला म्हणून मी बी.ए. झाले. शिरूर कासारजवळच्या आमच्या वाडीतली मी पहिली पदवीधर, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. पण गेल्या वर्षी अण्णांचं ऑपरेशन झालं, अर्ध्याहून जास्त जठर काढलं, आणि माझी पदवी काही कामी येईना. जेवलं की पाव तासात त्यांना दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळ, मग संडासला पळापळ. "अशक्तपणा हाय," म्हणून आई गूळपाणी पाजायची. अण्णा आणखीच खंगायचे. गावच्या सप्त्यात दरवर्षी पखवाज वाजवणारा माणूस, पण पखवाज खुंटीवरच राहिला. देवाला मी रागानं विचारलं, एवढ्या सेवेचं हेच का?

सप्त्याच्या पाचव्या दिवशी अण्णा हट्टानं पंगतीला बसले. प्रसाद पानात टाकायचा नसतो, म्हणून बुंदी सगळी संपवली, वर तांब्याभर पाणी प्यायले. देवळाच्या पायरीवरच त्यांना चक्कर आली. आई साखरपाणी घेऊन धावली, तोच दारातल्या गाडीवरचा अनोळखी फळवाला चाचा ओरडला, "ओ भाभी, साखर कावून पाजता? आडवं करा त्यास्नी! माझंबी पोट कापलंय, लई भोगलंय म्या."

आडवं केल्यावर हळूहळू घाम ओसरला. चाचांनी मला विचारलं, "दवाखान्याचा कागद वाचला का?"

तो मी माझ्या मार्कशीटच्या फायलीत जपून ठेवला होता. वाचलाच नव्हता!

"शिकलीय लई," अण्णा पडल्या पडल्या म्हणाले, "पण घरचं वाचायला येळ न्हाई तिला."

घरी येऊन कागद काढला. सगळं लिहिलेलं! दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, नीट चावून खायचं. गोड टाळायचं. जेवताना पाणी नको, अर्ध्या तासानं घोटघोट. जेवल्यावर जरा आडवं व्हायचं. डॉक्टरांना फोन केला, तेही हेच म्हणाले: जठर लहान झालंय, त्यामुळं गोड नि पाणी झपकन आतड्यात उतरतं, त्यानंच घाम आणि चक्कर येते. महिन्याभरात अण्णांच्या अंगावर मांस चढलं. मी अक्षरशः अंगणात नाचले!

चाचांची गाडी मात्र त्या पंगतीच्या दुसऱ्याच दिवशी देवळाच्या दारात नव्हती. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ज्या देवाशी मी भांडत होते, त्यानं माझ्याच फायलीतलं उत्तर दाखवायला माणूस धाडला, असं मी मानते. त्याच्यापुढं डोकं टेकवताना पदवीचा ताठाही खाली ठेवला.

यंदा अण्णांनी बुंदीचा एकच दाणा कपाळाला लावून तोंडात टाकला, आणि सप्त्याचे सातही दिवस पखवाज वाजवला.