गुरुजींच्या उस्तादांची वही

सिमेंटच्या दुकानात टेम्पो भरेपर्यंत माणसाला थांबावं लागतं. थांबलेला माणूस काय करणार? बोलतो! नेकनूरच्या बाजारात माझं दुकान तीस वर्षं झाली. सिमेंट बाहेर गेलं, किस्से आत साचले. त्यातले निम्मे एकट्या स्मारक समितीचे. बैठका माझ्याच बाकड्यावर व्हायच्या. चहा माझा, म्हणून मीही सभासद.

स्मारक गुरुजींचं. निजामाच्या पोलिसांना चुकवून बंदुका पोचवणारा, तुरुंग भोगलेला आमच्या गावचा क्रांतिकारक.

*

गुरुजींच्या मागं एकच लेक राहिली, आमच्या अक्का. पंच्याहत्तरी कधीच ओलांडलेली. त्यांनी एक दिवस लाल फडक्यात बांधलेली वही आणून काउंटरवर ठेवली. गुरुजींच्या हातची, सगळी उर्दूत. त्या काळी शाळाच उर्दू होती ना!

अध्यक्षांनी वही उलटी धरून पाच मिनिटं बघितली आणि म्हणाले, "लई जाज्वल्य लिहिलंय!"

*

उर्दू शाळेच्या सरांना बोलावलं. त्यांनी मान हलवली. "सेठ, छापील असतं तर वाचलं असतं. ही जुन्या कचेरीतली घाईची लिखावट. हमीदचाचाच वाचतील."

हमीदचाचा म्हणजे निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद वाचून देणारे म्हातारे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वही नाकाला लावून त्यांनी कसंबसं पहिलं पान वाचलं. मथळा होता, 'माझे उस्ताद'. खाली एकेक माणूस आणि त्यानं काय शिकवलं ते. पहिले मौलवीसाहेब, अक्षर शिकवणारे. दुसरा तुरुंगातला आचारी. उपाशी पोटी हसायचं कसं, हे त्याच्याकडून. तिसरा एक चांभार, जो जमादारापुढं कधी वाकला नाही.

"आन् पुढं?" अक्का म्हणाल्या.

"पुढं सगळं धुकं हाय, अक्का. ऑपरेशन होऊ द्या. तवर वही सेठच्या फळीवर राहू द्या."

अक्कांनी आवाज खाली आणला. "आईचं नाव हाय का, तेवढंच बघा. तिनं भाकरीच्या टोपल्यातून काडतुसं नेली. बाबा तिच्याबद्दल कधी एक शब्द बोलले न्हाईत."

*

मुक्तिदिनाच्या सभेला तीन पक्षांचे तीन वक्ते. पहिला म्हणाला, गुरुजी आमच्या नेत्याच्या विचारांनी घडले. दुसऱ्यानं आपल्या नेत्याचं नाव घेतलं. तिसऱ्याचा नेता तर गुरुजी तुरुंगात होते तेव्हा जन्मलाच नव्हता! टाळ्या त्यालाच जास्त.

मी चिठ्ठी पाठवली, 'तुरुंगातल्या आचाऱ्याबद्दलही बोला.'

वक्त्यानं चिठ्ठीवर नजर टाकली आणि माईकवर जाहीर केलं, "भाषणानंतर जेवणाची सोय आहे!"

*

चबुतऱ्यावर कोरायला गुरुजींचं वाक्य पाहिजे होतं. अध्यक्ष म्हणाले, "शेठ, तुमी बोलण्यात हुशार. द्या एखादं."

मी गिऱ्हाइकाला सांगतो तेच दिलं. 'पाया पक्का, तर शंभर वर्षं नाही धक्का!'

आता पोरं ते शाळेत पाठ म्हणतात. परीक्षेत विचारतात, हे कोण म्हणालं? खरं उत्तर लिहिलं तर मार्क जातील!

*

पायाभरणीला खड्ड्यात कलश ठेवला, नारळ ठेवला. भटजी म्हणाले, थोर माणसाची एखादी वस्तूही ठेवतात. अध्यक्ष तडक माझ्या दुकानात गेले आणि फळीवरचं लाल फडकं घेऊन आले.

मी म्हटलं, "अहो, ती वाचायची हाय अजून."

"वाचनार कोन हाय वो इथं? पायात ठिवली तर अमर होईल!"

टाळ्या पडल्या. 'म्हातारीला उन्हात कशाला', म्हणून अक्कांना कुणी बोलावलंच नव्हतं. मीही टाळ्या वाजवल्या. वर काँक्रीट ओतलं, सिमेंट माझ्याच दुकानातलं. अक्कांना सांगायचं रोज ठरवायचो. रोज कुणीतरी गिऱ्हाईक यायचं.

*

परवा दुकानासमोर रिक्षा थांबली. अक्कांनी हात धरून हमीदचाचांना उतरवलं. चाचा बाकड्यावर टेकले, काळा चष्मा काढला आणि रस्त्यापलीकडं उभ्या राहिलेल्या गुरुजींच्या पुतळ्याखालचं वाक्य एका दमात वाचून दाखवलं.

"सेठ, सुईत दोरा ओवतो आता मी! आना ती वही."

मी चहा मागवला. चहा आला, निवला. अक्का एकदा रिकाम्या फळीकडं बघत, एकदा माझ्याकडं. मग मी सांगितलं.

हमीदचाचांनी काळा चष्मा पुन्हा चढवला. अक्का चबुतऱ्याकडं बघत बसल्या.

"शेठ," त्या म्हणाल्या, "शंभर वर्षं म्हनता ते... खरंच टिकतं का हो तुमचं सिमेंट?"