हॉलीवूडचे पाव्हणे

मी आज दुबईत टिकून आहे तो माझ्या मावसभावाच्या मेव्हण्यामुळे, हे आधी सांगतो. काय घडलं ते मागाहून. बोलण्यात त्यांना हरवील असा माणूस साऱ्या आखातात अजून उतरायचा आहे. खोलीत सगळे त्यांना 'पाव्हणे' म्हणायचे. गावाकडे ते तमाशात सोंगाड्या होते, इथे दुबईच्या करामा वस्तीत एकाच खोलीत आम्हा सात जणांबरोबर राहून कंपनीची गाडी चालवायचे. अबुधाबीच्या वाळवंटात एका अमेरिकन सिनेमाच्या माणसांची ने-आण करताना त्यांनी मोडक्या इंग्रजीत अशी धमाल केली, की डायरेक्टरने पुढच्या सिनेमाचे विनोदी प्रसंग लिहून मागितले. आता सोंगाड्या कधी लिहितो का? पाव्हणे भात शिजवता शिजवता चार माणसांचे आवाज काढायचे, ते फोनवर रेकॉर्ड करायचे, आणि आमच्यातला एक ऑफिसवाला ते इंग्रजीत टाईप करायचा. आम्ही हसेपर्यंत भात काही वाढला जायचा नाही.

मला मात्र हसू येत नव्हतं. मी आठवीतून शाळा सोडलेला, ड्रायव्हरच्या नोकरीवर आलेला, त्यात इथल्या ड्रायव्हिंग टेस्टला तीनदा नापास. "चौथी बार फेल, तो खलास, घर जाओ," असं सुपरवायझरने बजावलेलं, आणि धाकट्या बहिणीचं कॉलेज माझ्या पगारावर. परीक्षक शेजारी गप्प बसला की माझे पाय लटपटायचे. पाव्हण्यांनी दोन खुर्च्या मांडल्या, डोक्याला टॉवेल गुंडाळून परीक्षक झाले आणि स्टिअरिंग म्हणून माझ्या हातात ताट दिलं. "यल्ला, चल, राईट!" मी ताट वळवायचो. मग ते मुद्दाम दहा-दहा मिनिटं गप्प. मी ताट सोडून त्यांच्याच तोंडाकडे बघायचो. "अरे येड्या, पब्लिक गप्प हाय म्हंजे चिडलीय व्हय? बघतीय. बघू दे की!"

टेस्टच्याच सकाळी, लिहिण्याचं काम पक्कं करायला, त्यांचा अमेरिकेशी व्हिडिओ कॉल होता. तरी माझ्याबरोबर आले. "पाव्हणं, माझ्यापायी तुमचं काम जाईल." "तू तुझा आरसा बघ." गाडीत परीक्षकाने शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. बघू दे, बघू दे, असं पुटपुटत मी चालवली. पास! बाहेर आलो तर पाव्हणे फोन भिंतीला टेकवून तिकडच्या साहेबांना माझ्या लटपटत्या पायांची नक्कल करून दाखवत होते. त्यावरच त्यांचं काम पक्कं झालं.

आता ते तिकडे हॉलीवूडला लिहितात. परवा फोनवर म्हणाले, "हितं जोक वाचून कुणी हसत न्हाई रे. नुसतं 'फनी' म्हणत्यात आन् पान उलटत्यात." त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. पाव्हणं, मी इंग्रजीचा क्लास लावलाय. अजून निम्मं डोक्यावरून जातं. पण एक दिवस तुमचा अख्खा सिनेमा तुमच्या शेजारी बसून बघेन, आणि कुणी न सांगता, बरोबर जागेवर, मोठ्यांदा हसेन.