परबकाकांची बिनधुराची गाडी

गल्लीत कोण आलं हे परबकाका मान न वळवता सांगायचे. "जोशांचो झील इलो. सायलेन्सर फुटलोहा त्याचो." पाठोपाठ जोशांचा मुलगा फटफटत दारावरून जायचा. काकांना आवाजावरून माणूस कळायचा, आणि माणसाची अब्रूही.

चारकोपला आमची घरं भिंतीला भिंत लावून. काकांची खुर्ची कायम उंबऱ्याच्या आत. फुफ्फुसं निकामी होत चालली होती, म्हणून आतल्या खोलीत ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असायचं आणि त्याची नळी काकांच्या नाकात. ती नळी उंबऱ्यापर्यंतच पुरायची. मरोळच्या कारखान्यात जन्मभर यंत्रं दुरुस्त केलेला हा माणूस आता एका यंत्राला दाव्यानं बांधल्यासारखा होता. आणि उंबऱ्यापलीकडे, चार पावलांवर, त्यांची जुनी पांढरी गाडी कापडाखाली उभी. दर गणपतीला तिनेच ते गावाला जायचे.

त्या वर्षी माझी नोकरी गेली होती. घरात बसून मी सासूबाईंच्या आणि स्वतःच्या जिवाला खात होते. काकांनी ते हेरलं असावं. एके दिवशी हाक आली, "गो मेघा, गाडी चालू करून बघतंस? एकदा तिच्यात बसान खाडीवर जाऊन येऊचा आसा." मला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. तसं सांगितलं तर म्हणाले, "कान आसत मा? आधी आयक, मगे पानो उचल."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. सासूबाईंशी माझं वाजलं तरी हेच ऐकवायचे, आणि मला त्याचा भारी राग यायचा.

गाडी सुरू झाली खरी, पण खोकत, अडखळत, निळा धूर ओकत. मालतीकाकूंनी धडाधड दारं-खिडक्या लावून घेतल्या. बाहेर येऊन माझ्यावरच कडाडल्या, "धूर घरात इलो तर ह्यांचो जीव जायत! परत एकदा दिसलो तर गाडी भंगारात." काका बंद काचेमागे कान लावून बसले होते. तिथूनच त्यांनी मला एक बोट वर करून दाखवलं. मिसिंग! म्हणजे एक सिलिंडर कामच करत नाही.

त्यांनी सांगितलं तसे मी चारही स्पार्क प्लग काढून, ताटलीत घालून त्यांच्यापुढे ठेवले, पोह्यांची बशी ठेवावी तसे. तीन बिस्किटाच्या रंगाचे होते, चौथा काळाकुट्ट, तेलकट. काका खूश झाले. "बघ. तीन भाव कामाक जातत, चवथो पिऊन पडलोहा." मग चौथ्या प्लगच्या भोकातून दाब मोजायला लावला, आणि आत थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजायला लावला. आधी दाब जवळजवळ नव्हता, ऑइल सोडल्यावर चढला. "पिस्टनच्यो रिंगा गेल्यो," काका म्हणाले. "हवा धरूक होयी, ती सुटता. माजा कॉम्प्रेशन गेला, तिचा तरी ऱ्हवांदे." आणि हसता हसता इतके खोकले की मी ताटली टाकून काकूंना हाक मारली.

इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या मेकॅनिकने दारातच इंजिन खोललं. काका उंबऱ्यातून त्याला इतक्या सूचना देत की तो दोनदा हत्यारं गुंडाळून निघाला होता, मीच हातापाया पडून त्याला थांबवलं. झिजलेले सिलिंडर आतून कातून बोअर झाला, नव्या रिंगा पडल्या. गाडी सुरू केली तेव्हा काकूंनी माझ्या हातात पांढराशुभ्र रुमाल दिला, सायलेन्सरसमोर धरायला. मी तो सायलेन्सरच्या तोंडाशी बांधला, जोरात रेस दिली आणि परत आणला. रुमालावर पाण्याचे चार थेंब. काकूंनी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला, आणि खिडकी उघडली. काकांनी डोळे मिटून आवाज ऐकला. त्यांचा तसा समाधानी चेहरा मी पुन्हा पाहिला नाही.

रविवारी ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आणला. काकू ठेवणीतली साडी नेसून, सिलिंडर सांभाळत मागे बसल्या. गल्लीच्या तोंडापर्यंत काका चालवणार, पुढे मी. पण आमच्या पुढे कुणाचीतरी धिप्पाड गाडी, मागे टेम्पो. हॉर्न वाजवले, दारं ठोठावली. एक मालक लग्नाला गेलेला, दुसऱ्याचा पत्ता नाही. काकू गल्लीचा उद्धार करत होत्या. मला तर दगड उचलावासा वाटत होता. काकांनी शांतपणे पहिला गिअर टाकला, गाडी वीतभर पुढे नेली. मग रिव्हर्स, वीतभर मागे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. सिलिंडरचा काटा उतरला तेव्हा त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली. "चल्ली मा? झाला तर."

पुन्हा बाहेर पडायचं जमलं नाही. गणपतीच्या आधीच काका गेले.

त्या सकाळी शववाहिनी आत यायची होती. कुणी सांगायच्या आत सगळ्यांनी निमूट आपापल्या गाड्या बाहेर काढल्या. टेम्पोही गेला. इतकी मोकळी गल्ली मी कधीच पाहिली नव्हती. काकू दारात उभ्या राहून टोकापर्यंत बघत राहिल्या.

"आता दिली वाट मेल्यांनी," त्या म्हणाल्या. "मेघा, किल्ली काढ. मीय येतंय."

शववाहिनी काकांना घेऊन निघाली, तशा त्या गाडीत मागे, आपल्या जागेवर बसल्या. मी किल्ली फिरवली. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून आधी ऐकलं. चारही भाऊ कामावर होते. मग गिअर टाकला.