कोपरा फाडलेलं पत्र

वलगावच्या नत्थुजीला अकोल्याहून पत्र आलं, आणि त्याचा कोपरा फाडलेला होता.

मैनाबाईने ते पाहिलं आणि चूल विझवली. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे मरणाचा निरोप. अकोल्यात नवऱ्याचं माणूस एकच, खुशाल.

उभी हयात नत्थुजी आणि खुशाल दोघांनी एकाच बोऱ्यात कापूस तुडवला होता. टांगलेल्या बोऱ्यात उतरायचं, एकमेकांचे खांदे धरायचे आणि टाचांनी कापूस दगडासारखा होईतो दाबायचा. एकाने आळस केला की बोरा एका अंगाला ढिला पडे. यांचा कधी पडला नाही. पुढे गुडघे गेले, खुशाल लेकीकडे अकोल्याला गेला. तेव्हापासून दोघे म्हातारे दुसऱ्यांकडून लिहवून एकमेकांना शिव्या पाठवत होते.

"आंघोळ करा आधी," मैनाबाई म्हणाली.

"वाचल्याबिगर नाई. तोलोक तो जिता हाये."

एरवी खुशालचं पत्र कितीतरी दिवस नत्थुजीच्या पागोट्यात पडून राही. वाचणाऱ्याची मिनतवारी करायचा त्याला कंटाळा. आज तो काठी न घेताच चावडीवर गेला.

चावडीसमोर कापसाच्या गाड्यांची रीघ लागली होती. कापसाच्या तेजीच्या त्या सालात वऱ्हाडाला दुसरं काही सुचतच नव्हतं. पटवारी वामनरावांनी पत्राचा कोपरा पाहिला आणि हात मागे घेतला.

"चावडीत नाही वाचत असलं. निंबाखाली चल."

निंबाखाली नत्थुजी उभाच राहिला. बसला असता तर त्याच्याने पुन्हा उठवलं नसतं.

वामनरावांनी दोन ओळी मनात वाचल्या आणि त्याच्याकडे पाहिलं.

"मोठ्यानं वाचा न मालक!"

"'नत्थ्या, कोपरा मीच फाडला. साधं पत्र तू पागोट्यात निजवतो. मले आता लेक उचलून बसवते. मेल्यावर माह्या नावानं आंघोळ करशील, त्यापरीस जिता हावो तोलोक ये. कावून आला नाई ते लिहू नको. ये.'"

नत्थुजीच्या तोंडून आधी शिवी निघाली, मग हसू.

"कधी लिहिलं हे?"

"हप्ता होऊन गेला."

हसू तिथेच विरलं.

रिघेतली पहिली गाडी शेषरावची, अकोल्याच्याच वाटेची. कापूस काठाच्या वर आला होता.

"जागा नाई बावा. पाय ठेवाले नाई."

"मले पायच ठेवाचे हायेत."

जोडे काढून तो चाकावरून चढला आणि टाचांनी कापूस दाबू लागला. गुडघे कडकडले. "पडशीन ना बुढ्या!" शेषराव ओरडला. धरायला समोर खांदे नव्हते. ढीग एका अंगाला कलला, तेव्हा पलीकडे जाऊन त्याने तेवढंच पुन्हा तुडवलं. घाम डोळ्यांत उतरला, तरी थांबला नाही. कापूस बसला. माणूसभर जागा झाली.

"मालक, मैनाले सांगजा, चूल पेटव म्हणा," तो वरून म्हणाला. मग शेषरावकडे वळला.

"हाक आता. बैल माह्यापेक्षा म्हातारे नाईत तुहे."